'अवॉर्ड' म्हणजे केवळ बक्षीस नव्हे

'कम्युनल अवॉर्ड' हा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "इंग्रजांनी बक्षीस कोणाला दिले?" आम्हाला हसू येते, पण चूक त्याची नाही. 'अवॉर्ड' म्हणजे पुरस्कार एवढेच त्याच्या कानावर आलेले असते.

या शब्दाचा जुना अर्थ निवाडा. दोन्ही बाजू ऐकून अधिकारी व्यक्तीने दिलेला निर्णय म्हणजे अवॉर्ड. त्या निर्णयाने ज्याच्या पदरी जे पडले, त्यालाही पुढे तोच शब्द लागला आणि पुरस्कार हा अर्थ रूढ झाला. म्हणूनच पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये जाहीर केलेला निर्णय मराठीत 'जातीय निवाडा' ठरला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत, असा दुहेरी हक्क होता. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण तो दुहेरी हक्क गेला. बाबासाहेबांना त्याचे मोल फार होते. त्याला बक्षीस म्हटले की कोणाची तरी मेहेरबानी वाटते. निवाडा म्हटले की गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी मांडलेली बाजू आठवते.

'प्राइज' स्पर्धेत जिंकावे लागते. 'रिवॉर्ड' हा एखाद्या कृत्याचा मोबदला. हरवलेली वस्तू आणून देणाऱ्यास मिळतो तो. बाबासाहेबांना १९९० मध्ये मरणोत्तर दिलेले भारतरत्न हे अवॉर्ड, प्राइज नव्हे.

मराठीत बक्षीस फारसीतून आले, इनाम अरबीतून. परितोष, म्हणजे संतोष, झाल्यावर देतात ते पारितोषिक. पुरस्कार म्हणजे मुळात पुढे करणे. आपण एखाद्या विचाराचाही पुरस्कार करतो. इनाम शब्द मात्र आम्हाला गोड लागत नाही. महार वतनाची जमीन इनामच होती, पण तिच्यासोबत गावकीची वेठ पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली होती. त्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडले.

निवाडा हा अर्थ आजही कागदोपत्री जिवंत आहे. भूसंपादनाच्या कागदावर 'अवॉर्ड' दिसला तर तो सत्काराचा नव्हे, जमिनीच्या मोबदल्याचा निर्णय असतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे तो मान्य नसल्यास, निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याने त्या तारखेपासून सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा लागतो. रक्कम घ्यायचीच असेल तर 'निषेध नोंदवून' असे लिहूनच घ्यावी. तसे न लिहिता घेतली तर त्या अर्जाचा हक्क राहत नाही.