डुकराच्या जिभेखालचे दाणे

परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडले आणि नोकरीची बरीच वर्षं नवी मुंबईच्या आसपास काढली. त्यातून पट्टकृमीबद्दल पक्कं झालेलं सांगते.

१. डुकराची जीभ बाहेर ओढून खालच्या बाजूवरून बोट फिरवायचं. भिजलेल्या साबुदाण्यासारखे गुळगुळीत दाणे लागले, तर मांसातही ते असणारच. टीनिया सोलियम या कृमीच्या अळ्या त्यात असतात. लागण थोडी असेल तर बोटाला काहीच लागत नाही, म्हणून कत्तलीनंतरची तपासणी टाळून चालत नाही.

२. मुलाला फिट येते, स्कॅन होतो, ‘डोक्यात किडा’ असं कानावर पडतं आणि घरात कोबी बंद होतो. कोबीतल्या हिरव्या अळीचा यात काही संबंध नाही. डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर आतड्यात कृमी वाढतो. मेंदूत गाठ होते ती त्याच्या अंड्यांमुळे, आणि ही अंडी कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून येतात. रुळांकडेला सांडपाण्यावर पिकलेल्या पालकावर ती असू शकतात, स्वयंपाक करणाऱ्याच्या नखांतही. ‘आम्ही तर शाकाहारी’ म्हणणाऱ्यांना मी न्यूयॉर्कचं उदाहरण देते. तिथल्या कर्मठ ज्यू वस्तीत, डुकराचं मांस वर्ज्य असलेल्या घरांत हा आजार निघाल्याचं १९९२ साली प्रसिद्ध झालं. जिथे हा कृमी मुरलेला आहे, तिथल्या फेफऱ्याच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

३. फिट आलेल्याला कांदा-चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. जंताची गोळी तर मनाने मुळीच देऊ नका. मेंदूतली अळी मरताना सूज येते, म्हणून ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

४. डुकरं पाळणाऱ्यांना शिव्या घालणं मला सहन होत नाही. शेडमध्ये खाद्यावर वाढलेल्या यॉर्कशायर डुकराला माणसाची विष्ठा मिळतच नाही. नाल्याकाठच्या मोकाट डुकराला मिळते, कारण वस्तीतलं शौचालय तुंबलेलं असतं, नळाला पाणी नसतं, रात्री दिवा नसतो. डुकरं पकडायला गाडी येते आणि शौचालय आहे तसंच राहतं!

५. डुकरांसाठी लस आहे, हैदराबादला तयार होते. जोडीला ऑक्सफेंडाझोल दिलं की आधीच्या अळ्याही मरतात. पण लस टोचून डुकराचं वजन वाढत नाही, मग पाळणारा खिशातून पैसे का घालेल? फायदा माणसांचा आहे, तेव्हा खर्च सरकारनेच करायला हवा.

६. पोर्क आतपर्यंत शिजवा. पालेभाजी वाहत्या पाण्याखाली धुवा. संडासहून आल्यावर हात साबणानेच.

वाशी-नेरुळच्या वाचकांना एक विनंती. आपल्या प्रभागातल्या सार्वजनिक शौचालयात एकदा आत जाऊन नळ सोडून पाहा. पाणी आलं नाही, तर महापालिकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.