भार किती, त्याआधी भार कुठे

मिनियापोलिस,
मे महिन्याचा पहिला आठवडा

चि. सोनू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

बोटीचे फोटो मिळाले. नव्वदच्या दशकातली स्की नॉटिक, एकोणीस फुटी, पुढे बसायला जागा आणि इंजिन बरोबर मध्यावर. जपून वापरलेली दिसते. तिच्यामागच्या लाटेवर या उन्हाळ्यात वेकसर्फिंग करायचं म्हणतोस आणि विचारतोस, बॅलास्ट, म्हणजे जादा वजन, किती किलो टाकू? एका आकड्यात उत्तर दिलं तर तुझं नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितो. शांतपणे वाच.

आधी ही बोट कशासाठी बांधली ते समजून घे. पहिली स्की नॉटिक १९६१ साली आली. तेव्हापासून या घराण्यातल्या बोटी स्लॅलम स्कीअरसाठी घडत आल्या. स्कीअर ताशी ५८ किलोमीटरने बोटीमागची लाट आडवी कापत जातो, त्यामुळे ती लाट जितकी बुटकी आणि मऊ तितकी बोट उत्तम. तळ सपाट आणि इंजिन मध्यावर ठेवलं ते त्याचसाठी. तू तिच्याकडे ताशी १७ किलोमीटरला उंच लाट मागतो आहेस. ती देईल, पण ढकलून नव्हे, समजावून घेऊन.

लाट येते ती बोटीने बाजूला सारलेल्या पाण्यातून. मागचा एक कोपरा खोल बसवला की त्या बाजूची लाट उंच आणि स्वच्छ होते. ज्यांचं इंजिन मागे असतं त्या व्ही-ड्राइव्ह बोटींचं अर्धं काम इंजिनच करतं. तुझ्या बोटीत ते तुला करायचं आहे.

त्याआधी चालकाच्या जागेजवळची कपॅसिटी प्लेट वाच. अमेरिकेत वीस फुटांखालच्या अशा बोटींवर ती असतेच. समज, तिच्यावर १२०० पौंड लिहिलेत, म्हणजे सुमारे ५४५ किलो. चार माणसांचे ३०० किलो वजा कर, सामानाचे ४०. सर्फ करणारा पाण्यात असला तरी तो धर, कारण थकला की तो आतच येणार. उरले २०० किलो. तेवढाच तुझा बॅलास्ट. लोक याच्या दुप्पट-तिप्पट भरतात आणि काही झालं नाही असं सांगतात. तू त्यांच्यात जाऊ नकोस. मर्यादा पाळूनही सर्फ करण्याजोगी लाट मिळते, फक्त प्रत्येक किलो योग्य जागी हवा.

तुझा डावा पाय पुढे असतो, म्हणजे तुझी लाट बोटीच्या डाव्या बाजूची. त्यामुळे मागच्या डाव्या कोपऱ्यात साधारण १४० किलो ठेव आणि पुढे डावीकडे ६०. पुढचं वजन विसरू नकोस. फक्त मागे भरलं तर लाट उंच होते पण आखूड राहते, आणि हातातली दोरी सोडली की लाटेचा रेटा संपतो. पुढचं वजन लाटेला लांबी देतं. माणसंही वजनच आहेत, आणि हलवता येणारं वजन आहेत. आत बसलेल्यांना डाव्या बाकावर सरकव. त्यांच्या जागा बदलून लाटेत काय फरक पडतो ते पाहा, बरंच शिकशील. मात्र बोट इतकी कलू देऊ नकोस की डावा काठ पाण्याच्या जवळ जाईल.

एवढ्या कमी वजनात आणखी मदत हवी असेल तर वेक शेपर घे. हा पाचरीसारखा तुकडा सर्फच्या विरुद्ध बाजूला, मागच्या टोकाजवळ सक्शन कपने चिकटवतात. त्या बाजूचं पाणी थोडं उशिरा एकत्र येतं आणि दुसरी बाजू स्वच्छ होते. तो बोटीला दोरीने बांध, कारण कप कधीतरी सुटतोच.

मांडणी ठरवताना घाई नको. तंबोरा जुळवणारा एका वेळी एकच खुंटी पिळतो, तसं एका फेरीत एकच गोष्ट बदल आणि वहीत लिहून ठेव. सुरुवात ताशी १६ किलोमीटरने कर. लाटेचा माथा फेसाळून कोसळत असेल तर वेग थोडा वाढव. लाट लांब पण बुटकी असेल तर वेग कमी कर किंवा एक माणूस मागे बसव. उंच पण आखूड असेल तर थोडं वजन पुढे ने.

बॅलास्टच्या पाण्याची पिशवी जितकं पाणी लागेल तितक्याच मापाची घे आणि गच्च भर. मोठी पिशवी अर्धी भरली तर वळताना आतलं पाणी खालच्या बाजूला धावतं आणि बोट आणखी कलते. पहिल्या हंगामात तळाला भोक पाडून पंप बसवू नकोस. बारा व्होल्टवर चालणारा, पाण्यात सोडायचा सुटा पंप पुरे. ताशी ८०० गॅलनचा, म्हणजे सुमारे ३००० लिटरचा पंप तुझ्या पिशव्या काही मिनिटांत भरतो. त्याला फ्यूज लावच. शिशाच्या थैल्या मोहात पाडतील, पण संकटात पाणी उपसून टाकता येतं, शिसं नाही.

भाराने जुन्या बोटीची जुनी दुखणी वर येतात. शाफ्टच्या पॅकिंगमधून किती पाणी ठिबकतं ते पाहा आणि बिल्ज पंप आपोआप सुरू होतो का ते बादलीभर पाणी ओतून तपास. कूलिंग पंपाचा रबरी इम्पेलर नवा घाल. बोट कलती चालवताना ऑइल प्रेशर आणि तापमान, दोन्ही काट्यांवर डोळा ठेव. थांबताना थ्रॉटल एकदम ओढू नकोस, कारण तुझीच लाट मागून येऊन गाठते आणि पुढचं टोक खाली असेल तर बोट पाणी आत घेते. सर्फर पडला की वेग कमी करून सावकाश वळ. आणि पिशव्या रिकाम्या केल्याशिवाय बोट ट्रेलरवर चढवू नकोस.

आता जे सांगतो ते आज्ञा समज. तुझ्या बोटीचा पंखा तळाखाली, सुकाणूच्या पुढे आहे, म्हणून तिच्यामागे सर्फ करता येतं. मित्राच्या आउटबोर्डमागे, पंखा मागे असलेल्या कुठल्याही बोटीमागे, कधीही नाही. दुसरं, कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि कमी वेगात तो बोटीच्या मागच्या फळीशी रेंगाळतो. सर्फरही तिथेच असतो. तुझ्या जुन्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, म्हणून धूर खाली पंख्याच्या झोतात सोडणारी एक्झॉस्टची नळी बसव. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणी बसायचं नाही. कोणाचं डोकं दुखलं, मळमळलं, तर बोट लागली असं समजू नका. आधी इंजिन बंद करून मोकळी हवा द्या.

तळं तुझ्या एकट्याचं नाही हेही ध्यानात ठेव. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये मोजमापं घेऊन सांगितलं की सर्फच्या लाटा किनाऱ्यापासून निदान ५०० फूट दूर ठेवाव्यात. व्हरमाँटने २०२४ पासून तेवढं अंतर आणि २० फूट खोली सक्तीची केली. तुझ्या तळ्यावर सक्ती असो वा नसो, तू एवढं पाळ. लून पक्षी अगदी पाण्याच्या काठाला घरटं करतो, एका मोठ्या लाटेत अंडी वाहून जातात. तसंच, पिशव्यांत उरलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं दुसऱ्या तळ्यात पोहोचतात. मिनेटोंका तळ्यात हे शिंपले २०१० साली सापडले, आता निघणं कठीण. म्हणून निघताना बूच काढ, पिशव्या पूर्ण उपस, वाळव. बूच काढणं आणि पाणी उपसणं हा इथे कायदाही आहे.

पहिल्या शनिवारी सर्फबोर्ड घरीच ठेव. दोघेच जा, पिशव्या भरा, सरळ चालवा, वळा, थांबा, पुन्हा उपसा. भरलेली बोट हाताला नीट कळली की मगच कोणालातरी तिच्यामागे उतरव. त्या दिवशीचे वहीतले आकडे मला पाठव, पुढची मांडणी आपण दोघं मिळून ठरवू.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा