दुर्बिणीची भीती नको : पोटातला आजार वेळीच ओळखू या

छातीत जळजळ, आंबट ढेकर, घास अडकल्यासारखे वाटणे. वस्तीत अशी तक्रार कानावर आली की पुढचे वाक्य आम्हाला पाठ असते, 'मेडिकलमधून गोळी आणली, आता बरं आहे.' गोळीने जळजळ थांबते हे खरे, पण आत काय चालले आहे ते गोळी सांगत नाही. कधी कधी त्रास दबतो आणि आजार मात्र वाढत राहतो. डॉक्टर 'दुर्बीण घालून पाहू' म्हणाले की मात्र आपण घाबरून घरी परततो. म्हणून या वेळी आम्ही दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, समजावून सांगत आहोत.

दुर्बीण म्हणजे काय?

ही साधारण करंगळीएवढ्या जाडीची लवचिक नळी असते. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. अमेरिकेत डॉ. बेसिल हिर्शोविट्झ यांनी 1957 साली काचतंतूंची लवचिक दुर्बीण प्रथम वापरली. आता अन्ननलिका, जठर आणि मोठे आतडे आतून पडद्यावर स्वच्छ दिसतात.

अडचण एकच. सुरुवातीचा कॅन्सर गाठीसारखा दिसत नाही. तो कधी फिकट लाल डाग असतो, कधी किंचित खोलगट चट्टा. साध्या पांढऱ्या उजेडात तो आजूबाजूच्या अस्तरात मिसळून जातो. तो दिसावा म्हणून पुढील युक्त्या निघाल्या.

रंग : अन्ननलिकेत आयोडिनचे द्रावण फवारतात. निरोगी अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर असते, म्हणून ते गडद तपकिरी होते. बिघडलेली जागा रंग घेत नाही, फिकट राहते. जठरात आणि आतड्यात निळा रंग वापरतात. तो खाचांत साचतो आणि उंचसखल भाग उठून दिसतो.

निवडक उजेड : जपानमध्ये विकसित झालेल्या 'नॅरो बँड इमेजिंग' या पद्धतीत फक्त निळा (415 नॅनोमीटर) आणि हिरवा (540 नॅनोमीटर) प्रकाश वापरतात. रक्तातले हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषते, म्हणून वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी दिसतात. कॅन्सर वाढताना तिथल्या वाहिन्या वेड्यावाकड्या होतात, त्या अशा उजेडात नजरेत भरतात. डॉक्टर फक्त बटण दाबतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत.

संगणकाची मदत : काही नव्या यंत्रांत संशयास्पद जागेभोवती संगणक चौकट काढतो. निर्णय डॉक्टरांचाच, आणि खात्री तुकडा तपासूनच होते.

वेळीच सापडले तर काय फायदा?

कॅन्सर अगदी वरच्या थरात असेल, तर पुष्कळदा पोट न फाडता दुर्बिणीतूनच तो भाग सोलून काढता येतो. मोठ्या आतड्यातल्या कोंबासारख्या वाढीचा, म्हणजे पॉलिपचा, कॅन्सर व्हायला बहुधा अनेक वर्षे लागतात. तो आधीच काढला, तर पुढचा धोका टळतो.

नवे यंत्र जवळ नाही म्हणून थांबू नका. वेळेवर केलेली साधी दुर्बीण उशिरा केलेल्या महागड्या तपासणीपेक्षा केव्हाही चांगली. आतडे स्वच्छ असणे आणि डॉक्टरांनी सावकाश पाहणे, हे यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे.

कोणी लगेच दाखवावे?

घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, शौचातून रक्त, औषध घेऊनही न भरणारे रक्त, चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेला अपचनाचा त्रास. रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्त पडले की 'मूळव्याधच असेल' असे स्वतःच ठरवू नका. तंबाखू, गुटखा, मिश्री आणि दारू यांनी अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मिश्री लावणाऱ्या माताभगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

तपासणीला जाताना

जठराच्या तपासणीसाठी सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगतात. आतड्याच्या तपासणीआधी पोट साफ करणारे औषध सांगितल्याप्रमाणे पूर्ण प्या. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. कवळी काढून ठेवा. घशात बधिर करणारा फवारा मारतात, मळमळ होते, पण जठराची तपासणी बहुधा काही मिनिटांत आटोपते. झोपेचे इंजेक्शन देणार असतील तर घरचे माणूस सोबत हवे. तुकडा काढला म्हणजे कॅन्सर झाला असे नव्हे. रिपोर्ट मात्र स्वतः जाऊन आणा, डॉक्टरांना दाखवा आणि जपून ठेवा.

खर्चाची धास्ती असेल तर आधी सरकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले उपचार बसतात का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. घरात कोणी महिनोन्‌महिने अॅसिडिटीची गोळी खात असेल, तर या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.