रंधायंत्राची नवी धार
कुपवाड परिसरातील लाकूडकामासाठी मळसूत्री कटर ब्लॉकचा विचार

सांगली आणि मिरज या दोन जुन्या शहरांलगत वसलेल्या कुपवाडचे रूप औद्योगिक वसाहतीमुळे पालटले. १९९८ मध्ये या तिन्ही ठिकाणांची मिळून एक महानगरपालिका स्थापन झाली. औद्योगिक वसाहत म्हटली की ओतशाळा व यंत्रशाळा डोळ्यांपुढे येतात. सुतारकाम सहसा आठवत नाही. वस्तुतः ओतशाळेत वाळूमध्ये जो आकार उमटवावयाचा, त्याचा नमुना अनेकदा लाकडाचा असतो. तयार यंत्र परगावी पाठवावयाचे तर खोकेही बहुधा लाकडाचेच लागते.

धारेचे महत्त्व या परिसरास नवे नाही. मिरजेतील सतार-तंबोऱ्यांच्या व्यवसायाचा आरंभ एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब या कारागिराने केला. ते शिकलगार घराण्यातील होते आणि शस्त्रांना धार लावणे हे त्या समाजाचे पिढीजात काम होते. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. वाद्याचे कोरीव काम आजही हाताच्या हत्याराने होते. परंतु दारे, खिडक्या, नमुने आणि खोकी यांच्या कामात हातरंध्याची जागा रंधायंत्राने घेतली आहे.

सरळ पात्याचे गणित

रंधायंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. सरफेस प्लेनरवर फळीची एक बाजू व कड सरळ करतात. थिकनेसरवर तिची जाडी सर्वत्र सारखी करतात. दोहोंत वेगाने फिरणारा लोखंडी गोल म्हणजे कटर ब्लॉक. त्यात सामान्यतः दोन ते चार लांब, सरळ पाती बसविलेली असतात.

ब्लॉक मिनिटास ५,००० फेरे घेत असेल आणि त्यास तीन पाती असतील, तर मिनिटास १५,००० काप होतात. फळी मिनिटास साडेसात मीटर या गतीने सरकली, तर दोन कापांतील अंतर अर्धा मिलिमीटर राहते. मात्र हे गणित तिन्ही पाती समान उंचीवर असतील तरच खरे. एक पाते किंचित वर राहिले की अखेरचा काप तेच घेते, खुणांमधील अंतर दीड मिलिमीटर होते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. म्हणून पाती काढणे, धार लावणे व पुन्हा समपातळीत बसविणे यांत कुशल कारागिराचाही बराच वेळ जातो.

सागवानात सिलिका असते. त्यामुळे पोलादी पात्याची धार लवकर मरते. उलटसुलट रेषांच्या लाकडात बोथट पाते तंतू कापण्याऐवजी उपटते. शिवाय पूर्ण लांबीचे पाते लाकडावर एकाच क्षणी आदळत असल्याने आवाज कर्कश होतो.

मळसूत्री रचना

मळसूत्री ब्लॉकवर लांब पात्यांऐवजी टंग्स्टन कार्बाइडचे लहान चौकोनी तुकडे असतात. कार्बाइड म्हणजे कारखान्यात ‘विडिया’ या नावाने ओळखला जाणारा कठीण पदार्थ. हे तुकडे मळसूत्राच्या आट्यांप्रमाणे वळत जाणाऱ्या ओळींत बसविलेले असतात. ते क्रमाक्रमाने लाकडास भिडतात. त्यामुळे हादरा विभागला जातो व आवाज कमी होतो.

खरेदी करताना एक भेद ध्यानी घ्यावा. काही ब्लॉकमध्ये ओळ मळसूत्री असली तरी प्रत्येक तुकड्याची धार आसाला समांतरच असते. काहींत ती किंचित तिरपी असते आणि लाकूड तिरक्या कापाने कापले जाते. उलट्या रेषेच्या लाकडास हा दुसरा प्रकार अधिक मानवतो.

तुकड्यास सामान्यतः चार धारा असतात. एक बोथट झाली की स्क्रू सैल करून तुकडा पाव फेरा फिरवावा. नवी धार मिळते. लाकडातील खिळा लागला तरी बहुधा एकदोन तुकडेच निकामी होतात, पूर्ण पाते नव्हे.

तथापि, ताज्या धारेचे पोलादी पाते कार्बाइडहून अधिक तीक्ष्ण असू शकते. मळसूत्री ब्लॉकच्या कामावर कधी कधी लांबीच्या दिशेने बारीक रेघा राहतात; त्या पॉलिश कागदाने घासाव्या लागतात. काही यंत्रांच्या मोटरवर भारही वाढतो.

बदल करताना

ब्लॉक यंत्राच्या घडणीस, लांबीस आणि बेअरिंगच्या मापास अनुरूप हवा. त्यावर दिलेली वेगमर्यादा ओलांडू नये. जुना ब्लॉक काढण्यापूर्वी विद्युतप्रवाह पूर्णतः तोडावा. बेअरिंग झिजली असल्यास त्याच वेळी बदलावी. तुकड्याखालील बैठक राळ व भुसा यांपासून स्वच्छ असावी. तेथे कण राहिला तर तुकडा उचलला जातो आणि फळीवर रेघ उमटते. स्क्रू उत्पादकाने दिलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने आवळावेत. अखेरीस सरफेस प्लेनरचे मागील टेबल धारेच्या सर्वोच्च बिंदूशी समपातळीत आणावे.

गैरसमज नको

आवाज सौम्य झाला म्हणजे यंत्र निर्धोक झाले, असे मानणे घातक होय. मळसूत्री ब्लॉकही बोट तितक्याच सहजतेने तोडतो. इंग्लंडमध्ये १९२२ च्या नियमांनी हाताने फळी सरकविण्याच्या रंधायंत्रावर चौकोनी ब्लॉकऐवजी गोल ब्लॉक सक्तीचा केला, तो हाताची इजा आटोक्यात राहावी म्हणून. भारतातही १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २१ ने धोकादायक यंत्रभागांस आवरण घालण्याचे बंधन घातले होते. ब्लॉक कोणताही असो, त्यावरील आवरण जागेवर असावे आणि आखूड तुकडा दाबपट्टीनेच सरकवावा. कर्णरक्षक व भुसा ओढून घेणारी यंत्रणा यांची गरजही संपत नाही. लाकडाचा सूक्ष्म भुसा श्वसनास अपायकारक असतो.

खर्च कोणी करावा?

मळसूत्री ब्लॉकची किंमत सरळ पात्यांच्या ब्लॉकहून पुष्कळ अधिक असते. ज्या कार्यशाळेत यंत्र दिवसातून अर्धा तासच चालते, तिने सरळ पातीच नीट राखावीत. जेथे सागवान वा उलट्या रेषेचे लाकूड रोज रंधले जाते, तेथे हिशेब वेगळा होतो. महिनाभर एक वही ठेवावी: पाती बसविण्यात गेलेले तास, फुकट गेलेल्या फळ्या आणि धार लावण्याचा खर्च. निर्णय त्या आकड्यांवर घ्यावा.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज यांची तरतूद आहे. योजना स्वयंरोजगार करणाऱ्या पारंपरिक कारागिरांसाठी असल्याने पात्रतेच्या अटी आधी पाहाव्यात. ब्लॉक बदलल्याने धार लावण्याचे कष्ट वाचतात. फळीची रेषा ओळखून ती कोणत्या दिशेने यंत्रात घालावयाची, हे मात्र सुतारासच ठरवावे लागते.