बंपरमागचा गंज : एक प्रात्यक्षिक

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या बंपरवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मला जे शिकावे लागले, ते माझ्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हते. म्हणून ते सहाध्यायी मित्रांपुढे व गुरुजनांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

आमच्या घरी आजोबांनी घेतलेली १९८६ सालची प्रीमिअर पद्मिनी होती. मूळची ही इटलीतील फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये ती तयार होई. १९७४ साली तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. आमचीही आता विकून टाकावी, असे बाबांनी ठरविले. गिऱ्हाईक मिळाले, रक्कमही ठरली. गाडी धुताना मी मागचा बंपर धरून सहज हलविला, तो त्याची डावी बाजू लटलट हलली. वाकून पाहिले, तर खालचा पत्रा काळ्या रंगाने चांगला चकचकीत दिसत होता. त्याला स्क्रू ड्रायव्हर टेकविला आणि तो मुठीपर्यंत आत गेला! बाहेर आली ती चहाच्या पुडीसारखी ओलसर तांबूस भुकटी आणि तिच्यासोबत वाळलेल्या लांबीचे तुकडे. पूर्वी कोणीतरी भोक लांबीने बुजवून वरून रंग फासला होता.

“आपणही तेच करू, एका संध्याकाळचे तर काम,” असे बाबा म्हणाले. खरे सांगायचे, तर माझ्याही मनात तेच आले होते. आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री गाडी पाहायला आले. त्यांनी हातोडीने पत्र्यावर टिचक्या मारल्या. उजवीकडे खणखणीत आवाज आला, डावीकडे भद्द. मग ते बाबांना एवढेच म्हणाले, “साहेब, लांबी भरली तर दिसायला ठीक होईल. पण हा बंपर उद्या हायवेवर सुटला आणि मागच्या स्कूटरवाल्याच्या अंगावर गेला, तर?” बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी होती आणि मी त्यांच्या हाताखाली.

गंज नेमका तेथेच का?

बंपर तर समोर चमकत असतो. मग गंज त्याच्या मागे का चढतो? लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पाण्यात मीठ असले, तर वीज वाहणे सोपे होते आणि गंजण्याचा वेग वाढतो. आमच्यासारख्या किनाऱ्यालगतच्या गावात खारा वारा बारमाही असतो व चार महिने पाऊस. पण एवढे सांगून भागत नाही. लोखंडाच्या पृष्ठभागावर एक सूक्ष्म विद्युतघटच तयार होतो. जेथे प्राणवायू मुबलक पोचतो तो भाग ऋणाग्र बनतो. जेथे तो कमी पोचतो तो भाग धनाग्र बनतो आणि तेथील लोखंड विरघळू लागते. केंब्रिजचे शास्त्रज्ञ इव्हान्स यांनी हे मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावर दाखवून दिले होते. थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते, मधोमध कमी; आणि लोखंड झिजते ते मधोमध.

आता बंपरची जोडणी पाहा. आमच्या गाडीत बंपरच्या पाठीमागून जाड पोलादी पट्ट्या निघतात आणि डिकीखालच्या पेटीसारख्या पोकळ भागाला बोल्टांनी जखडलेल्या असतात. चाकाने उडविलेला चिखल त्या सांध्यात बसतो. तो ओल धरून ठेवतो आणि हवा अडवितो. म्हणजे इव्हान्स यांच्या थेंबाचा मधला भाग आपण तेथे कायमचा बसवून ठेवतो! शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो दोन पत्र्यांना आतून रेटून वेगळे करतो व फटीत आणखी पाणी शिरते. लांबीने भोक बुजविले, की आतली ओल आतच कोंडली जाते. रोग्याच्या जखमेत पू असताना वरून पट्टी बांधावी, तसा हा प्रकार होय.

आणखी एक गोष्ट. ट्रकला स्वतंत्र सांगाडा असतो; फियाटला नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा. म्हणून जेथे बंपर बसतो तो पत्रा कुजला, म्हणजे गाडीचे हाडच कुजले.

प्रत्यक्ष काम

पहिल्या दिवशी आम्ही एकही ठिणगी पाडली नाही. बॅटरीची तार काढली, पेट्रोलची टाकी उतरवून शेडबाहेर दूर ठेवली, पुढच्या चाकांना अडण लावली आणि मागील बाजू जॅकने उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकविली. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हा पहिला धडा. नंतर बंपर आणि चाकाचा पंखा यांतील अंतर उजव्या, सुस्थितीतील बाजूला मोजून भिंतीवर खडूने लिहिले. बोल्टांवर रॉकेल व तेल यांचे मिश्रण सोडून रात्रभर मुरू दिले. सकाळी तीन बोल्ट पान्याने सुटले. चौथ्याचे डोके ग्राइंडरने उडवावे लागले.

पुढे पत्रा कापणे. किती कापायचा? मी भोकाच्या कडेने रेघ मारली. मिस्त्रींनी ती पुसली आणि हातोडीच्या आवाजावरून नवी रेघ ओढली. ती माझ्या रेघेच्या दुप्पट बाहेर होती. “चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जायचं. सडक्यावर टाका धरत नाही,” ते म्हणाले. खरोखरच पातळ गंजक्या पत्र्यावर वेल्डिंग केले, तर तो जळून भोक मोठे होते. मग पुठ्ठ्याचा नमुना कापला आणि त्याबरहुकूम १६ गेजचा पत्रा कापून वाकविला. बोल्टांच्या जागी आतून ३ मिलिमीटर जाडीची पट्टी दिली, म्हणजे बंपरचा भार एका बिंदूवर न पडता पसरतो. नट त्या पट्टीलाच जोडून टाकले.

येथे घाई केली असती, तर सारे वाया गेले असते. आम्ही नवा पत्रा केवळ चार टाक्यांवर धरला, बंपर सैल बसवून पाहिला, भिंतीवरचे आकडे ताडून पाहिले. तो बोटभर खाली निघाला. टाके तोडून पुन्हा बसविला. माप जमल्यावर बंपर काढून सीओटू वेल्डिंग केले. तेही सलग नव्हे, तर एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला. एकाच जागी उष्णता साठली, की पत्रा पिळवटतो. शेवटी रेड ऑक्साइड, सांध्यांत सीलर, बाहेरून रंग आणि पोकळीत मेणयुक्त तेलाचा फवारा. पेटीच्या तळाशी असलेली पाणी वाहून जाण्याची भोके मात्र मुद्दाम मोकळी ठेवली. ती बुजणे हेच कित्येकदा दुखण्याचे मूळ असते.

हिरड्याचा प्रयोग

बंपरच्या जाड पट्ट्या वापरण्याजोग्या होत्या. तारेच्या ब्रशाने घासल्यावर त्यांच्या खाचांत थोडा गंज उरला. आजीने हिरडे उकळून केलेला काढा मी एका पट्टीवर लावला. काही वेळात तांबूस डाग निळसर काळे झाले. हिरड्यातील टॅनिन व लोह यांचे हे संयुग. जुन्या पोथ्यांची शाई करताना हिरडा आणि लोह यांचा असाच उपयोग करीत. साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला झालेला आनंद काय सांगावा! मात्र हे औषध घासून उरलेल्या पातळ थरापुरतेच. पापुद्रे सुटलेल्या लोखंडाला ते बळ देत नाही. रंग तर वरून द्यावाच लागतो.

काम नऊ दिवस चालले. गिऱ्हाईक आले, तेव्हा मी पुढे होऊन बाबांना विचारले, “सांगायचं ना?” बाबांनी मान हलविली. आम्ही कापलेला कुजका तुकडा त्यांच्या हातात ठेवला व नवी जोडणी दाखविली. त्यांनी उजवी बाजूही ठोकून पाहिली, थोडा विचार केला आणि ठरल्यापेक्षा पाच हजार रुपये कमी देऊ केले. बाबांनी ते घेतले. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही दोघे फाटकात उभे होतो. बाबा एवढेच म्हणाले, “आता रात्री झोप लागेल.”

तो कुजका तुकडा परत मागून घ्यायला मी विसरलो नाही. तो सध्या माझ्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. त्याच्या एका बाजूला काळा रंग अजून चकचकीत आहे. निबंध लिहिताना न समजलेला मुद्दा एखाद्या भारदस्त वाक्याने झाकावासा वाटला, की मी तो उलटा करून पाहतो.