मुलगा, मुलगी आणि घरातील पंक्तिप्रपंच

मुलगा आणि मुलगी यांचे संगोपन एकाच मापाने करावे की दोघांसाठी मापे निराळी असावीत, असा प्रश्न अनेक मातापिता मला विचारतात. त्यांस माझे सांगणे असे की, शरीरधर्माने या दोघांत काही भेद निश्चितच केलेले आहेत आणि त्यांची दखल घेणे हे पालकांचे कर्तव्य आहे. परंतु आपल्या घरांतून घडते ते असे की, निसर्गाने केलेल्या भेदांकडे आपण कानाडोळा करतो आणि निसर्गाने जे कधी केलेच नाहीत, ते मात्र वडिलोपार्जित वहिवाट म्हणून निष्ठेने चालवतो.

प्रथम वाढीचा विचार करू. पहिल्या वर्षाच्या अखेरीस निरोगी मुलग्याचे वजन सरासरीने सुमारे ९.६ किलो, तर मुलीचे सुमारे ८.९ किलो भरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेले वाढीचे आलेख दोघांसाठी स्वतंत्र आहेत. अंगणवाडीत होणारी वजनाची नोंद या आलेखाशी ताडून पाहावी, आणि मुलीचे वजन मुलींच्याच आलेखातील खालच्या रेषेखाली गेले, तर ‘मुलीची जात, चणीने लहानच असायची’ अशी स्वतःची समजूत घालू नये. वस्तुतः नवजात अवस्थेत अधिक नाजूक असतो तो मुलगा. श्वसनाचे विकार आणि जंतुसंसर्ग त्यालाच अधिक गाठतात. अशा स्थितीत जन्मतः तग धरण्याची शक्ती अधिक असलेली मुलगी जर दोन-तीन वर्षांची होईतो भावाच्या मागे पडू लागली, तर दोष बहुधा तिच्या प्रकृतीत नसून घरातील व्यवस्थेत आहे असे समजावे.

या पंक्तिप्रपंचाचे सर्वांत ठळक प्रत्यंतर लोहाच्या बाबतीत येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलग्यास दररोज २२ मिलिग्रॅम, तर त्याच वयाच्या मुलीस ३० मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावयास हवे, कारण वाढीच्या गरजेत मासिक रक्तस्रावाची भर पडते. म्हणजे अधिक वाढावे असे पान मुलीचे. आणि प्रत्यक्षात अंडे, दुधाचा पेला व भाजीचा पहिला वाढा मुलग्याकडे जातो, तर मुलगी आईबरोबर सर्वांच्या मागून उरलेसुरले खाते. परिणाम सरकारी दफ्तरी नोंदलेला आहे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के, तर मुलग्यांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेले आढळले. जिना चढताना दम लागणे, चक्कर येणे, अभ्यासात चित्त न लागणे, माती अथवा खडू खाण्याची वासना होणे, ही लक्षणे आळसाची वा नखऱ्यांची नसून बहुधा रक्तक्षयाची असतात. तेव्हा हिमोग्लोबिन तपासावे, आणि ते १२ ग्रॅमच्या खाली असल्यास हयगय करू नये. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाज्या, अळीव यांचा आहारात नित्य समावेश करावा, जेवणात लिंबाची फोड किंवा आवळा असावा, आणि चहा जेवणानंतर किमान तासभर टाळावा. शाळेतून आठवड्यास मिळणारी निळी लोहगोळी जेवणानंतर अवश्य घ्यावी. तिने शौचाचा रंग काळा होतो, त्याचे भय बाळगू नये. जंतनाशक गोळी मुलगा व मुलगी दोघांनाही द्यावी.

पाळीच्या दुखण्याची तक्रार ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ म्हणून निकालात काढणे हाही त्याच वहिवाटीचा भाग होय. वयाच्या १५ व्या वर्षापर्यंत पाळी सुरू न होणे, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालणे, किंवा वेदनेपायी शाळा बुडणे, यांपैकी काहीही घडल्यास वैद्यांकडे जावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणारी लसही ९ ते १४ या वयात मुलीस द्यावी.

मुलग्यांची हेळसांड निराळ्या वाटेने होते. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीपायी श्रवणदोष आणि स्वमग्नता यांचे निदान लांबते. दोन वर्षांचा मुलगा दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर कानांची तपासणी तत्काळ करावी. सहा महिन्यांनंतरही वृषण खाली उतरले नसेल, तर लाजेपोटी ती बाब लपवू नये, कारण त्याची शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या आत होणे हिताचे असते. आणि ‘पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय’ हे वाक्य घरातून कायमचे हद्दपार करावे. आपल्या देशातील आत्महत्यांच्या शासकीय नोंदींत पुरुषांचे प्रमाण दोन-तृतीयांशांहून अधिक आहे. ज्याला दुःख बोलून दाखवण्याची मुभा बालपणीच नाकारली गेली, तो पुढे संकटात कोणाकडे मदत मागेल, याचा विचार प्रत्येक पित्याने करावा.

तेव्हा माझा सल्ला एवढाच की, दोन्ही अपत्यांच्या वजनाच्या, लसींच्या आणि तपासण्यांच्या नोंदी एकाच वहीत ठेवाव्यात, जेवावयास दोघांनी एकाच पंक्तीत बसावे, आणि दुखणे उद्भवले असता, हेच लक्षण दुसऱ्या अपत्यात दिसते तर आपण दवाखाना कधी गाठला असता, हा प्रश्न मनाशी विचारावा. उत्तर ‘आजच’ असे आले, तर उद्यापर्यंत थांबू नये.