कॉरेजिडॉर : एका जलदुर्गाचे सामर्थ्य आणि मर्यादा

फिलिपाइन्समधील मनिला शहर ज्या उपसागराच्या काठी वसले आहे, त्याच्या मुखाशीच कॉरेजिडॉर हे खडकाळ बेट आहे. त्याची लांबी जेमतेम साडेपाच किलोमीटर. परंतु मनिला बंदरात शिरणाऱ्या जहाजांना त्याच्या तोफांच्या टप्प्यातूनच जावे लागे. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेने या बेटाचा जलदुर्ग बनविला. पुढे १९२२ ते १९३२ या काळात मालिंता टेकडीच्या पोटात बोगदे खोदण्यात आले. युद्धकाळात सेनापतींची कचेरी व इस्पितळ याच बोगद्यांत होते.

अभेद्य मानला गेलेला हा दुर्ग मग पडला का? त्याच्या अवजड तोफा मुख्यतः समुद्रातून येणाऱ्या आरमारासाठी होत्या. आकाशातून बॉम्ब पडतील, हे तो बांधताना कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे १९२२ च्या वॉशिंग्टन नाविक करारामुळे तटबंदीत भर घालण्यावरही निर्बंध आले.

२ जानेवारी १९४२ रोजी जपानी फौजा मनिलात शिरल्या; परंतु कॉरेजिडॉर झुंजत होते तोवर ते बंदर त्यांच्या उपयोगी पडेना. ९ एप्रिलला समोरच्या बाताआन द्वीपकल्पातील सैन्य शरण गेले. तेथून बेटापर्यंतचे अंतर अवघे काही किलोमीटर. आता जपानी तोफा जमिनीवरूनच बेट भाजून काढू लागल्या. २ मे रोजी गिअरी तोफखान्याचे दारूगोळ्याचे कोठार उडाले. ५ मेच्या रात्री शत्रू बेटावर उतरला आणि दुसऱ्याच दिवशी जनरल वेनराइट यांनी शरणागती पत्करली. सुमारे अकरा हजार अमेरिकी व फिलिपिनो लोक कैद झाले.

फेब्रुवारी १९४५ मध्ये पारडे फिरले. आता बेट जपान्यांच्या ताब्यात होते, आणि १६ तारखेला अमेरिकी छत्रीधारी सैनिक आकाशातून उतरले. तेच बोगदे, तोच खडक; परंतु हजारो जपानी सैनिकांपैकी फारच थोडे जिवंत राहिले.

दोन्ही वेढ्यांवरून एकच गोष्ट दिसते. पाठीशी आरमार व विमानदळ नसेल, तर जलदुर्ग हा आतल्या माणसांचा तुरुंग ठरतो. तो शत्रूला बंदर नाकारू शकतो, वेळ मिळवून देऊ शकतो; युद्ध जिंकून देऊ शकत नाही. १९४२ साली कॉरेजिडॉरने चार महिने मिळवून दिले खरे. परंतु त्या चार महिन्यांची किंमत मदतीची वाट पाहत लढलेल्या सैनिकांनी मोजली, हे युद्धाचा अभ्यास करणाऱ्याने विसरता कामा नये.